रेवती संपेपर्यंत

सरंजामेबाईंनी दार उघडलं, मला पाहिलं आणि थेट वाकून माझ्या पायांना हात लावला.

"या गुरुजी. तुमचे पाय लागले वास्तूला, माझं अर्धं काम झालं."

मी सुखावलो. कुरुंदवाडच्या शाळेत होतो तोवर हे रोजचं होतं. बाजारात, एसटी स्टँडवर, घाटावर, कुणीतरी मिशीवाला बाप्या वाकायचा आणि म्हणायचा, गुरुजी, ओळखलं का? निवृत्त होऊन पुण्यात मुलीकडं आलो आणि कुणी वाकेनासं झालं. बसमध्ये लोक माझ्या डोक्यावरून स्टॉप बघत.

"सुखी राहा," मी म्हणालो.

मेधा, माझी मुलगी, माझ्या मागं उभी होती. बाईंनी घर दाखवलं. दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि शेवटी पूर्वेची खोली. तिला जमिनीपासून मोठी खिडकी होती आणि खिडकीला लागून कडुनिंब. मी मेधाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. हीच खोली.

"घरात कोण कोण राहणार?" बाईंनी विचारलं.

"मी, अण्णा आणि आई," मेधा म्हणाली.

"आई नाही आल्या वर?"

"गाडीत बसलीय. गुडघे धरलेत तिचे."

कुमुदचे गुडघे ठणठणीत होते. आजार पोटात होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. आता फक्त दुखणं कमी ठेवायचं, एवढंच उरलं होतं. सरंजामेबाईंच्या भागातल्या एका हॉस्पिटलच्या नर्स घरी येऊन औषध देत, सलाइन लावत, रात्रीही फोन घेत. पण फक्त आसपासच्या चार गल्ल्यांत. मेधाचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. कुमुदनं आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "मला हॉस्पिटलात नळ्यांत घालून मारू नका. घरात मरू द्या. खिडकी असली तर बरी." तिनं आयुष्यात माझ्याकडं मागितलेल्या गोष्टी फार थोड्या होत्या.

एरंडवण्यातल्या त्याच भागात आम्ही महिनाभर घरं बघितली. दगडी कमान, कमानीच्या आत आडवा दांडा, दांड्यापाशी पहारेकरी, त्याच्या हातात टॅबलेट. प्रत्येक ठिकाणी मेधा खरं सांगायची आणि प्रत्येक ठिकाणी दुसऱ्या दिवशी फोन यायचा की घर आमच्या भाच्यालाच हवंय. 'चंद्रकोर'च्या, म्हणजे सरंजामेबाईंच्या सोसायटीच्या वेळी ती गुडघे म्हणाली.

"मला पसंत आहात तुम्ही," सरंजामेबाई म्हणाल्या. "दोन मजले वर आम्ही राहतो. मी, हे, मुलगा, सून आणि नात. दुसरी माणसं आली होती, जास्त द्यायला तयार होती. पण तुमची मुलगी फोनवर म्हणाली, वडील गुरुजी होते, सगळी हयात त्यात गेली, तेव्हाच ह्यांना म्हटलं, आता दुसरं कुणी नको. आमचे वैद्य भटजी मुलाकडं न्यूझीलंडला जाऊन बसलेत. साधी वास्तुशांत सांगायला माणूस मिळत नाही हो पुण्यात."

मी तोंड उघडलं. मेधानं माझ्या पाठीला, कुणाला दिसणार नाही असा, जोरात चिमटा काढला.

"गुरुजींनी आता पूजा सांगणं बंद केलंय," ती म्हणाली. "पाठीमुळं."

"राहू दे, राहू दे. त्यांचा वास झाला तरी पुरे."

आडनाव आमचं निटूरकर. गावावरून आलेलं, कुणाचंही असू शकेल असं. खाली गाडीत मी कुमुदला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली, मग दुखलं म्हणून थांबली, मग पुन्हा हसली.

"शिंप्याच्या पोटी जन्मून भटजी झालात की हो! आता सोवळं कोण शिवणार तुमचं?"

"मी जाऊन खरं सांगतो त्यांना."

"सांगा. आणि मला कुठं ठेवताय, ह्या गाडीत?"

मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही राहायला आलो.

सरंजामेबाई वाईट नव्हत्या. एकादशीला खिचडी पाठवत. भेटल्या की वाकत. फक्त कमानीत काहीही आलं, नर्स, औषधवाला, गादीवाला, की त्यांच्या फोनवर विचारणा जायची, मालकीणबाई, सोडू का? त्या सोडत. मेधा सांगायची, आईला अशक्तपणा आहे.

त्यांची नात ईरा माझ्याकडं येऊ लागली ती स्तोत्रं शिकायला. आठ वर्षांची असेल. इंग्रजी शाळेत होती आणि तिथल्या बाईंनी लेखी कळवलं होतं की हिच्यासाठी वेगळी शाळा बघा. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढं हलत. आजी तिला तिच्यासमोरच मठ्ठ म्हणायची, जसं कुणी उंच किंवा गोरी म्हणावं तसं.

"गुरुजीआजोबा," ती पहिल्या दिवशी म्हणाली, "मला पाठ होतं, पण वाचता येत नाही. वाचायला लावू नका."

"नाही लावत," मी म्हणालो.

असली मुलं मी कैक बघितली आहेत. आजही, कुरुंदवाडात परतल्यावर, संध्याकाळी माझ्या ओसरीवर एकदोन असतात. त्यांना पुस्तक दाखवलं की घाम फुटतो. म्हणून मी पुस्तक घेतलंच नाही. स्वयंपाकघरात वाण्यानं दिलेली दिनदर्शिका होती. तिच्यातली बारीक अक्षरं पुस्तकासारखी दिसत नाहीत. मी एक चौकोन दाखवायचो आणि बाकीचं बोटानं झाकायचो.

"अर्धं अक्षर एकटं उभं राहू शकत नाही," मी सांगायचो. "ते पुढच्याच्या खांद्यावर हात टाकून उभं राहतं. आधी पूर्ण अक्षर शोध, मग त्याच्या खांद्यावर कोण आहे ते बघ."

कुमुदच्या खोलीत आमचा वर्ग भरे. ती पडल्या पडल्या ऐके. ईरा कृत्तिका वाचायला शिकली, मग पुष्य, मग ज्येष्ठा. नक्षत्राच्या पुढं ते कुठवर आहे त्याची वेळ असते, तीही तिला वाचता येऊ लागली. महिनाभरानं एका दुपारी तिनं उत्तराभाद्रपदा एका दमात वाचलं. कुमुदनं पलंगावरून टाळ्या वाजवल्या. ईरा लाजली नाही, रडली. मी तिला सांगितलं की धनिष्ठेपासून रेवतीपर्यंतच्या ह्या पाच नक्षत्रांना मिळून पंचक म्हणतात, आणि ती पाचही जी वाचते तिला कुणी मठ्ठ म्हणू शकत नाही.

ऑक्सिजनचा सिलिंडर आला त्या दिवशी सगळं उघडं पडलं. पहारेकऱ्यानं वर फोन केला आणि सरंजामेबाई सिलिंडरच्या मागोमाग घरात आल्या. त्या पूर्वेच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. कुमुदकडं बघितलं. तिचं काय उरलं होतं ते दिसतच होतं.

दिवाणखान्यात येऊन त्या बसल्या. पदरानं डोळे पुसले. खरे अश्रू होते.

"मला आधी का नाही सांगितलंत गुरुजी?"

"घर मिळालं नसतं."

"नसतंच दिलं," त्या म्हणाल्या. "पण आता आलात ना? मी काही बाहेर काढत नाहीये कुणाला. माझं म्हणणं एवढंच, पंचकात नको."

"पंचकात?"

"तुम्हाला मी काय सांगणार! पंचकात गेलेलं माणूस वास्तूच्या मालकाची पाच माणसं ओढून नेतं. ह्यांच्या चुलत्यांच्या घरात झालंय. भाडेकरणीची सासू गेली पंचकात, आणि तीन वर्षांत यांच्या चुलत्यांकडची तीन गेली. उरलेल्या दोघांनी घराला कुलूप घातलं आणि गाव सोडला. अजून ते घर कुणी घेत नाही." त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पंचक कधी लागतंय ते तुम्हीच बघून सांगा. तेवढे पाच दिवस त्यांना हॉस्पिटलात ठेवा. सहाव्या दिवशी आणा. मी स्वतः ओवाळून आत घेईन. एवढं नाही केलंत तर मग मला ह्या सिलिंडरला आणि नर्सला खाली नाही म्हणावं लागेल. मला ते आवडणार नाही गुरुजी."

"बघून सांगतो," मी म्हणालो.

बघायची गरज नव्हती. आदल्याच दिवशी ईराबरोबर तो चौकोन वाचला होता. धनिष्ठा उद्यापासून होती. कुमुदजवळ किती दिवस आहेत ते नर्सनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं होतं. ते पंचकापेक्षा फार लांबणारे नव्हते.

मी खोलीत आलो. कुमुदनं नाकावरची नळी बाजूला केली.

"ऐकलं मी. सांगा की खोटं."

"कुमुद..."

"काय कुमुद? भटजी म्हणून राहताय, ते खरं होतं वाटतं?"

"ते मी बोललो नव्हतो. त्यांनी मानलं."

"मग आता बोला." तिला धाप लागली. जरा थांबून ती म्हणाली, "जन्मभर पोरांना खरं बोला सांगितलंत. मी काय तुमच्या वर्गात बसलेली नाही. इथनं झाड दिसतं. तुम्ही दिसता. तिथं नुसतं ते छत दिसतं हो. पांढरं. मला तिथं पाठवू नका."

"नाही पाठवत."

"शपथ घ्या."

मी तिच्या हातावर हात ठेवून शपथ घेतली. मग दोन मजले चढून वर गेलो. सरंजामेबाईंना सांगितलं, "पंचक नुकतंच होऊन गेलं. पुढचं लागायला तीन आठवडे आहेत."

त्यांनी देवापुढं साखर ठेवली आणि मला वाकून नमस्कार केला. उतरताना मला वाईट वाटत नव्हतं. रात्री कुमुद शांत झोपली. मेधा म्हणाली, "अण्णा, शाब्बास."

सकाळी दाराची घंटा वाजली. सरंजामेबाई होत्या आणि त्यांनी ईराचा दंड धरला होता. ईराचे डोळे सुजले होते.

"तुम्हीच सांगा हिला," बाई म्हणाल्या. "पहाटेपासून एकच धोशा. म्हणते, आज पंचक लागतंय. मी म्हटलं, गुरुजींना कळत नाही आणि तुला कळतं? क आणि फ ओळखता येत नव्हता गेल्या वर्षी! मला चष्म्यानंही ते बारीक दिसत नाही म्हणून काय वाट्टेल ते सांगायचं? ह्यांना विचारलं तर ते म्हणतात, गुरुजींना विचार. कान धर गं. माफी माग."

ईरानं कान धरले. तसेच धरून ती म्हणाली, "पण तिथं लिहिलंय."

"पुन्हा!"

"गुरुजीआजोबा, ध, नि, मग ठा, आणि ठाच्या खांद्यावर ष. मी बोटानं झाकून वाचलं. चुकलं का?"

आतल्या खोलीतला खोकला थांबला. कुमुद ऐकत होती.

तारीख चुकली असेल बाळ, असं म्हणता आलं असतं. तेवढं पुरलं असतं.

"तारीखपण आजचीच बघितली," ईरा म्हणाली. "दोनदा बघितली. आजी म्हणते मला वाचता येतच नाही. येतं ना?"

चाळीसभर वर्षांत मी मुलांना मारलंय, उन्हात उभं केलंय, घरी पाठवलंय. पण बरोबर वाचलेलं चूक म्हणून कधी सांगितलं नव्हतं. हे मी तेव्हा ठरवून केलं असं नाही. ती कान धरून उभी होती, माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि माझ्या तोंडून जे नेहमी निघत आलंय ते निघालं.

"येतं," मी म्हणालो. "बरोबर वाचलंस. अगदी बरोबर."

तिचे हात कानांवरून खाली आले. असा चेहरा मी आयुष्यात पुष्कळदा बघितलाय आणि त्याच्यासाठीच ती नोकरी केली.

सरंजामेबाईंनी नातीला जवळ घेतलं आणि तिच्या केसांवर ओठ टेकले. मी त्यांना तसं करताना पहिल्यांदा बघत होतो.

"दुःखात होतं असं माणसाचं, गुरुजी. तुमची चूक नाही. पोरीनं बघितलं म्हणून वाचलो." त्यांनी फोन काढला. "मी सांगते ॲम्ब्युलन्सला. तुम्ही नका त्रास घेऊ."

माणसं स्ट्रेचर घेऊन आली. सोसायटीचा नियम होता, आजाऱ्याला सामानाच्या लिफ्टनं न्यायचं. तिच्यात आधीच कुणाचा तरी सोफा उभा करून ठेवला होता. तो निघेपर्यंत कुमुद कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर पडून होती. मी तिच्या उशाशी वाकलो.

"शाबासकी दिलीत का तिला?" तिनं विचारलं.

"दिली."

"मग झालं तर."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही.

हॉस्पिटलात तिनं नळ्या ओढल्या म्हणून नर्सनी तिचे दोन्ही हात पलंगाच्या दांड्यांना पट्टीनं बांधले. मी शेजारी बसायचो. ती मान दुसरीकडं वळवायची. मेधा आली की तिच्याशी बोलायची, एखाददोन शब्द; मी काही विचारलं की डोळे मिटायची. मेधा मला बाहेर नेऊन म्हणाली, "एक 'नाही' म्हणता आलं नाही तुम्हाला, अण्णा? त्या पोरीला उद्या सांगता आलं असतं. आई गेल्यावर सांगता आलं असतं. पेढा देऊन सांगितलं असतं."

"हो," मी म्हणालो.

"तुम्ही कुणाचे होता तिथं? आमचे का तिचे?"

ती आत निघून गेली.

कुमुदनं ते पाच दिवस काढले. डॉक्टरांना नवल वाटलं, मला नाही. ती परत घरी जायला थांबली होती. सहाव्या सकाळी डॉक्टर म्हणाले, "न्यायचं तर आत्ता न्या." आम्ही तिचे हात सोडले. गाडीत घातल्यावर तिनं मेधाला विचारलं, "झाड आहे ना अजून?" मेधा म्हणाली, "आहे गं. पाचच मिनिटं."

चंद्रकोरच्या दांड्यापाशी गाडी थांबली. पहारेकऱ्यानं टॅबलेट बघितला आणि खिडकीशी आला.

"मॅडमनी होल्ड केलंय, काका. खाली येतायत."

सरंजामेबाई आल्या. चांगलं लुगडं नेसल्या होत्या. हातात ताट होतं. निरांजन, पाणी, भाकरीचा तुकडा. शब्दाला जागून त्या ओवाळायला आल्या होत्या. पाठोपाठ ईरा.

"आलात? बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "पण गुरुजी, एवढ्या लवकर? ईरा म्हणाली, रेवती दुपारपर्यंत आहे. पुढं वेळ लिहिलीय म्हणे. हो ना गं?"

"हो," ईरा म्हणाली. "मी एकटीनं वाचली."

"बाई, तिला श्वास लागलाय," मी म्हणालो. "वर तरी घेऊ द्या."

"पाच दिवस काढलेत गुरुजी, आता एवढ्यासाठी कशाला? रेवती संपेपर्यंत थांबू. मी पण इथंच उभी राहते, तुमच्याबरोबर."

मेधा गाडीतून उतरली. "दांडा वर करा," ती पहारेकऱ्याला म्हणाली. त्यानं बाईंकडं बघितलं. मेधानं दोन्ही हातांनी दांडा धरून ओढला. तो मोटारीचा होता, हलला नाही. ती ओरडली, तिनं बाईंना अशा शिव्या दिल्या ज्या तिला येतात हे मला माहीत नव्हतं. बाईंनी ताट जरा मागं धरलं, निरांजन विझू नये म्हणून.

"परत हॉस्पिटलला घेऊ का?" ड्रायव्हरनं विचारलं.

आतून कुमुद म्हणाली, "नाही." तेवढं स्पष्ट ऐकू आलं.

गाडी उन्हात होती. पत्रा तापला होता. पहारेकरी बाईंना म्हणाला, "मॅडम, कमानीखाली तरी घेऊ दे. सावली आहे." बाईंनी विचार केला. "कमानीखाली चालेल," त्या म्हणाल्या. "दांड्याच्या आत नको." गाडी थोडी मागं घेऊन कमानीच्या सावलीत उभी केली. तिथून वर बघितलं की कडुनिंबाचा शेंडा दिसायचा. पण कुमुद आडवी होती आणि तिला गाडीचं छत दिसत होतं. ते पांढरं होतं.

मी आत जाऊन तिचा हात हातात घेतला. तिनं तो काढून घेतला नाही. तेवढं बळ नव्हतं म्हणून की काय, मला माहीत नाही. दुपार व्हायच्या आधीच ती गेली. मेधानं तोंडावर हात दाबून धरला.

मी खाली उतरलो. बाईंनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं. ताट त्यांनी पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवलं.

"गेल्या? अरेरे. सुटल्या हो." त्यांनी डोळे पुसले. मग जवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, एवढंच सांगा. हे गेटच्या आत धरायचं का बाहेर? दांड्याच्या बाहेरच होती ना गाडी?"

मी कमानीकडं वर बघितलं. दगडात गणपती कोरलेला होता.

"वास्तू कमानीपासून सुरू होते," मी म्हणालो. माझा आवाज शांत होता, वर्गात असायचा तसा. "कमानीखाली आलं म्हणजे आत आलं."

त्यांचा चेहरा उतरला. "पण... रेवती?"

"संपायची आहे अजून."

"म्हणजे पंचकात? म्हणजे आमच्याच..." त्यांनी टेबलाचा आधार घेतला. "उपाय असतो ना? कणकेचे पाच पुतळे करतात, तुम्हीच कराल ना?"

"ते गेलेल्याच्या घरच्यांसाठी. आमच्यासाठी. मालकाच्या माणसांना त्याचा उपयोग नाही."

"मग आम्ही काय करायचं?"

"काही नाही," मी म्हणालो. "पाच जातात."

ईरा माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती. तिला कुणी मागं ओढलं नव्हतं.

"पाच कोण, गुरुजीआजोबा?"

मग ती स्वतःच मोजू लागली. मी शिकवलं होतं तशी करंगळीपासून, एक एक बोट मिटत.

"आजी. आजोबा. आई. बाबा."

अंगठा उरला. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"आणि मी," ती म्हणाली, आणि तिनं मूठ मिटली. "पाच. बरोबर?"

"गप गं!" बाई किंचाळल्या. त्यांनी माझी बाही धरली. "नाही म्हणा तिला, गुरुजी. चुकलं म्हणा. लहान आहे ती. नाही म्हणा ना!"

मेधा गाडीच्या दारातून मला हाक मारत होती. ईरा मिटलेली मूठ पुढं धरून माझ्या तोंडाकडं बघत होती.

"बरोबर," मी म्हणालो. "अगदी बरोबर मोजलंस."